तीन खाचा

एका चौदा एप्रिलच्या तयारीची बैठक होती. वर्गणी, मिरवणुकीचा रस्ता, व्याख्यानाला कोणाला बोलवायचं, सगळं बोलून झालं आणि चहा आला. तेव्हा एका पोरानं मला विचारलं, "काका, तुमचे वडील म्हणे गावाच्या हत्यारांना मुठी बसवून द्यायचे. विळे, कोयते, खुरपी. म्हणजे गावकीच की. बाबासाहेबांनी गावकी सोडा म्हणून सांगितलं, आणि तुमच्या घरानं ती हातात धरून ठेवली. असं का?"

पोरगं चांगलं आहे. वाचतं, भांडतं, पोलीस ठाण्याची पायरी चढायला भीत नाही. त्याचा प्रश्न खोचक नव्हता, खरा होता. मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. म्हणालो, लिहून देतो. ते हे.

गावाचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीपासून दोन कोसांवरचं गाव. गावाला वेस, वेशीबाहेर ओढा, ओढ्यापलीकडं आमचा महारवाडा. तुमच्या गावाचं नाव घालून वाचलं तरी चालेल.

आमच्या घरात एक सुरा होता. आजाचा. वीतभर पातं, टोकाला जरा वर वळलेलं. मूठ म्हशीच्या शिंगाची, काळी, हातात धरून धरून गुळगुळीत झालेली. आजा त्यानं मेलेली ढोरं सोलायचा. निजामाच्या राज्यात सोलायचा, १९४८ ला निजाम गेला तरी सोलायचाच. कुणाचा बैल मेला की वाड्यात सांगावा यायचा. ताटावरून उठून जायचं. ओढायचं, सोलायचं, कातडं मालकाच्या दारापुढं टाकायचं आणि लांब उभं राहायचं. "नाही" हा शब्द त्या कामात नव्हता. मजुरी हा शब्दही नव्हता.

मूठ शिंगाचीच का, हे बानं मला नंतर समजावून सांगितलं. रक्त, चरबी आणि पाणी रोज लागलं की लाकूड फुगतं, सडतं, मुठीत हलायला लागतं. शिंग तसं सडत नाही. शिंग पाण्यात भिजत घालायचं, आतलं हाड ढिलं होऊन निघतं. टोकाकडचा भाग भरीव असतो, तो मुठीला घ्यायचा. तापवलं की मऊ पडतं, दाबलं तसं बसतं. आणि दुसरं कारण साधं होतं. शिंग विकत घ्यावं लागत नव्हतं. मेलेल्या जनावराचं जे कुणालाच नको होतं ते आमच्या वाट्याचं होतं.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढू नका, मेलेलं खाऊ नका म्हणून सांगितलं. आमचा मुलूख निजामाचा. तिथवर ते शब्द पोचायला आणि पोचलेले शब्द अंगात भिनायला वेळ लागला. १९५६ च्या ऑक्टोबरात वाड्यातली चार माणसं नागपूरला जाऊन आली. आजी सांगायची, "गेले तवा मळक्या धोतरात गेले, आले तवा पांढरेशिप्पट आले." आल्यावर वाड्यात बैठक बसली. ढोर ओढायचं नाही, ठरलं. आजानं सुरा आणून सगळ्यांपुढं ठेवला.

पंधरा दिवसांत गावात एक बैल मेला. सांगावा आला, कुणी उठलं नाही. बैल तीन दिवस तसाच पडून होता. गावानं आमचं दळण बंद केलं, शेतातली वाट बंद केली, मजुरी बंद केली. चौथ्या दिवशी गावातल्याच चार गड्यांनी नाकाला फडकी बांधून तो बैल ओढला. आजी हे सांगताना दर वेळी हसायची आणि दर वेळी डोळे पुसायची.

सुऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. आजा म्हणत होता, गंगेत टाकून येतो. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. बा तेव्हा सोळा वर्षांचा. तो मनला, "शिंग जाळू. लोखंडानं काय केलंय?" त्यानं मूठ फोडून काढली आणि चुलीत घातली. शिंग जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. तो वास सगळ्या वाड्यात फिरला. आजा भिंतीला टेकून बसला होता. काही बोलला नाही म्हणे.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या आजानं सुरा खाली ठेवला त्याला साठ वर्षं होत आली तेव्हा, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेत उन्याजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली जनावरं नेऊन सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं टाकली. सोललं तरी मार, नाही सोललं तरी बहिष्कार. म्हणून मी सुऱ्याची गोष्ट जुनी म्हणत नाही.

तर पातं राहिलं, मूठ गेली. बानं बाभळीची एक ओली फांदी तोडली, भोक पाडलं आणि पातं ठोकून बसवलं. महिन्याभरात मूठ उभी चिरली. दुसरी केली, तीही चिरली. तिसरी त्यानं शिकून केली. शिकवलं घिसाड्यानं.

घिसाडी दर वर्षी उन्हाळ्यात यायचे. गाडीवर बिऱ्हाड, भाता, ऐरण. गाव त्यांना वेशीच्या आत पाल टाकू द्यायचं नाही, म्हणून पाल पडायचं आमच्या वाड्याला लागून. गाड्यांच्या कमानीचे तुटके पाटे, झिजलेल्या कानशी, असलं लोखंड तापवून ते विळे, कोयते, खुरपी, सुऱ्या घडवायचे. पुरुष सांडशीत पातं धरायचा आणि बाई घण घालायची. पोटुशी बाई घण घालताना मी पाहिली आहे. हे लोकही गावाबाहेरचे. तरी त्यांच्या मडक्याचं पाणी आम्हाला नव्हतं आणि आमचं त्यांना चालत नव्हतं. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ते पुस्तकात वाचण्याआधी मी त्या दोन मडक्यांत पाहिलं.

घिसाडी पातं घडवून, पाणी देऊन द्यायचा. पात्यामागं निमुळतं शेपूट असायचं, उघडं. मूठ ज्यानं त्यानं बघायची. गावात सुताराचं एकच घर. पेरणीच्या तोंडावर त्याच्यापुढं नांगर, वखर, तिफणी पडलेल्या असायच्या. विळ्याच्या मुठीला तो दोन महिने लावायचा. ती जागा रिकामी होती, तिथं बा शिरला. कुणी नेमला नाही, कुणी वतन दिलं नाही. घिसाडणीनं एकदा त्याची चिरलेली मूठ बघितली आणि हसून सांगितलं, लाकडाचा मध्य मुठीत आला की ती चिरणारच. एवढ्या एका वाक्यावर बाचं दुकान उभं राहिलं.

आता काम कसं होतं ते सांगतो. तुमच्यापैकी कुणी हे केलेलं नसेल, आणि न लिहिलेलं काम मेल्यासारखंच असतं.

लाकूड बाभळीचं. बोरीचंही चालतं, चिंचेचंही. साग दिसायला देखणा, पण कोयत्याचा हादरा सोसत नाही. मनगटाएवढी फांदी घ्यायची नाही, मांडीएवढं खोड घ्यायचं आणि उभं फोडायचं, म्हणजे मधला गाभोळा बाजूला टाकता येतो. बाहेरचं पांढरं लाकूडही टाकायचं, त्याला कीड लागते. राहिलं ते तांबूस, जड, ते आपलं. ते कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवायचं. एक उन्हाळा, एक पावसाळा. घाई केली की नंतर मूठ आक्रसते आणि पातं हलायला लागतं.

मग वाकसानं तासून ढोबळ आकार. ज्या टोकात पातं जाणार त्या टोकाला लोखंडाचं कडं, वसवी. मुसळाला असते तशी, पण लहान. बा ती सायकलच्या जुन्या पंपाच्या नळीतून कापायचा. वसवी आधी बसवायची, नाहीतर शेपूट आत जाताना लाकूड फाटतं. गिरमिटानं भोक पाडायचं, शेपटापेक्षा बारीक. मग पात्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि शेपूट तेवढं विस्तवात धरायचं. फडकं नसेल तर धग पात्यात चढते, दिलेलं पाणी उतरतं आणि धार राहत नाही. शेपूट लाल झालं की भोकात दाबायचं. धूर निघतो. एक बोट आत गेलं की बाहेर काढायचं, पुन्हा तापवायचं. एका दमात दाबलं की भोक जळून मोठं होतं. शेवटच्या वेळेला भोकात लाख आणि विटेची बारीक भुकटी घालायची आणि शेपूट बसवून टाकायचं. थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. मला ते थांबणं सगळ्यात जड जायचं.

उरलेलं काम माझं होतं. कानस फिरवायची, मग फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडायचं. काचेची कड लाकडाचा कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा काढते. पॉलिश पेपर विकत मिळायचा, पण आणणार कोण? त्याऐवजी प्राजक्ताची वाळलेली पानं. ती खरखरीत असतात. प्राजक्त होता पाटलाच्या वाड्यात. भिंतीबाहेर पडलेली पानं मी गोळा करायचो. ती केराची म्हणून कुणी हटकत नव्हतं. घासून झालं की मूठ ओल्या फडक्यानं पुसायची, बारीक कुसं उभी राहतात, वाळली की पुन्हा काच. असं दोनदा. मग जवसाचं तेल कोमट करून तळहातानं चोळायचं. बा मनायचा, "तेल लावायचं नसतं बाबा, जिरवायचं असतं." तीन दिवस रोज. तिसऱ्या दिवशी मूठ हाताला चिकटतही नाही आणि निसटतही नाही.

तपासायला माय होती. दिवसभर निंदणीला खुरपं धरणारी बाई. ती डोळे मिटून मूठ धरायची. "हितं टोचतंय," एवढंच बोलायची. जिथं ती बोट ठेवायची तिथं मला डोळ्यांनी काही दिसायचं नाही. पण काच फिरवली की खरंच थोडा उंचवटा निघायचा. बायकांच्या खुरप्याची मूठ बा बारीक करायचा. धरल्यावर अंगठा आणि मधल्या बोटाच्या मधे जवारीचा एक दाणा मावला पाहिजे, हे त्याचं माप. जास्त जाड झाली तर पंजा उघडा राहतो, बारीक झाली तर नखं तळव्यात रुततात. दोन्हीत फोड येतात. गावातल्या किती बायकांचे हात बाला ठाऊक होते. त्यांच्या दारात जायला त्याला परवानगी नव्हती, पण कुणाचं कोणतं बोट वाकडं हे तो सांगू शकत होता.

आणि आता पोराच्या प्रश्नाकडं येतो.

बानं पहिल्या दिवसापासून एक नेम ठेवला. रोख. सुगीला दाणे देतो म्हटलं, नको. भाकर घेऊन जा म्हटलं, नको. मुठीला चार आणे, कोयत्याला आठ आणे, आणि पैसे हातात. हातात म्हणजे जमिनीवर टाकलेले नाही. लोक चिडायचे. "लई माजलास." बा मुठीला फडकं गुंडाळून परत ठेवून द्यायचा. पेरणी अडली की माणूस यायचाच. शेवटी पैसे हातात यायला लागले, वरून सोडलेले, बोटाला बोट न लावता. तेवढं अंतर त्यांनी राखलं.

मूठ घेऊन घरी गेल्यावर काही घरांत तिच्यावर पाणी शिंपडायचे. हे मी पाहिलं आहे. चार थेंब उडवले की आमचा विटाळ जायचा. पण ते तेल माझ्या बाच्या तळहातानं जिरवलेलं होतं, तीन दिवस. पाण्याच्या चार थेंबांनी ते कसं निघणार? पाणी शिंपडणारा माणूस पुढं दहा वर्षं ती मूठ धरून राबायचा.

१९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जातीनं नुसतं काम वाटलं नाही, काम करणारी माणसंच वरखाली रचून ठेवली. आमच्या गावचा एक विळा घ्या. पातं घिसाड्याचं, मूठ सुताराची, पीक मालकाचं, कापणारी बाई मजूर. ह्यात आमच्या वाट्याला काय? मेलेलं ढोर. बानं त्या रचनेतली एक जागा विचारल्याशिवाय घेतली आणि तिला भाव लावला. ज्या कामाला नाही म्हणता येतं ते काम. ज्याला नाही म्हणता येत नाही ती गावकी. आजानं गावकी टाकली. बानं काम धरलं. माझ्या मते दोघांनी एकच गोष्ट केली.

इथं लेख संपवला असता तर पोराला उत्तर मिळालं असतं. पण ते अर्धं राहिलं असतं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला. पुढं काय झालं ते तुम्ही ऐकून आहात. मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मारलं. आमच्या जिल्ह्यातही धूर निघत होता. मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या गावात आठ दिवस आधीपासून कुणी बोलेना झालं होतं. दुकानदार मीठ देईना. विद्यापीठ कुठं आहे हे आमच्या वाड्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, आणि वेशीतल्या निम्म्यांनाही नव्हतं.

ती आली तेव्हा आम्ही जवारीत होतो. कुणीतरी आधी सांगितलं म्हणून वाचलो. पाऊस बारीक होता. मायनं लहान्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता. वाड्याकडं आधी आवाज आला, मग उजेड. पावसानं छपरं ओली होती म्हणून सगळी जळाली नाहीत.

सकाळी परत आलो. आमचं छप्पर अर्धं जळालेलं. मडकी फोडलेली. कडब्याच्या गंजीसकट आतलं लाकूड गेलेलं. आणि मधल्या मेढीत एक कोयता रुतलेला. कुणीतरी छपराचे बंद तोडता तोडता मेढीवर घाव घातला होता आणि पातं निघेना म्हणून तसंच सोडून गेला होता. मूठ एका बाजूनं काळी पडली होती.

ती मूठ मी ओळखली.

कोयता गावातल्या एका माणसाचा होता. त्याच्या उजव्या हाताची करंगळी गुऱ्हाळाच्या चरकात गेलेली. चार बोटांच्या हातातून कोयता निसटतो. म्हणून बानं त्याला शेवटाकडं जाड बोंडी ठेवून वेगळी मूठ करून दिली होती. माप द्यायला तो तीनदा आला होता. बा आणि तो एका वयाचे, लहानपणी एकाच माळावर ढोरं राखलेले. त्या बोंडीवर काच मी फिरवली होती. तशी मूठ गावात दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. पंचनामा झाला. एक लोखंडी कोयता, लाकडी मूठ, अर्धवट जळालेली. बाला विचारलं, "कुणाचा आहे? ओळखतोस?"

बा मनला, "म्हाईत न्हाई साहेब."

मला कुणी विचारलं नाही. पण मी तिथंच, बाच्या मागं उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. कोयता पोत्यात गेला. पुढं त्या प्रकरणाचं काही झालं नाही.

त्या दिवसापर्यंत बाची एक सवय होती. वसवी बसवायच्या आधी तिच्याखाली येणाऱ्या लाकडावर तो तीन बारीक खाचा पाडायचा. आपलं काम ओळखायची खूण. बाहेरून दिसायची नाही. मूठ मोडली आणि वसवी काढली तरच दिसायची. मी विचारलं होतं, "वरून कामून न्हाई?" तर मनला होता, "वरून दिसली तर घेतील का लोक?"

छप्पर पुन्हा शाकारून झालं. बानं पुन्हा लाकूड फोडलं. आणि पहिलीच मूठ केली तिच्यावर तीन खाचा पाडल्या, वसवीच्या खाली नाही. वर, अंगठा येतो तिथं. खोल. तेल जिरल्यावर त्या आणखी काळ्या दिसायच्या. मायनं धरून बघितलं. मनली, "टोचत न्हाईत. पन कळत्यात." बा मनला, "कळूच दे."

गिऱ्हाइकं निम्मी तुटली. काहींनी खाचा घासून काढा म्हटलं. बानं नाही म्हटलं. कोयत्याला मूठ बसवणं त्यानं गावापुरतं बंदच केलं. तिथंही नाही म्हटलं. कोयते तो फक्त ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना करायचा. दसऱ्यानंतर आमच्या भागातली माणसं कारखान्यांवर निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. तिथं नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवांचं नाव एका लोखंडाला. त्या लोकांसाठी बा मूठ अंमळ लांब करायचा, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून द्यायचा, म्हणजे पहाटेच्या दवात हात सरकत नाही. खाचा मात्र ट्यूबच्या बाहेर राहतील अशा.

खाचा वर का आल्या हे मी सोळा वर्षं विचारलं नाही. मला वाटायचं, मला ठाऊक आहे.

१४ जानेवारी १९९४. नाव लागलं, विस्तार होऊन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. वाड्याला तोवर बुद्धवाडा म्हणायला लागले होते. त्या रात्री सगळ्या घरांपुढं दिवे होते. पोरं गुलाल उधळून थकली. बा ओट्यावर बसला होता. हातात आजाचा तोच सुरा, पाचवी का सहावी मूठ. तोवर त्याचं सगळं तासकाम त्या पात्यानंच चालायचं.

मी म्हणालो, "बा, त्यो मेढीतला कोयता."

तो बराच वेळ बोलला नाही. मग मनला, "तुला कवापासून म्हाईत?"

"त्याच दिशी. काच मीच फिरवली व्हती."

"मंग तू कामून बोलला न्हाईस?"

"तू कामून न्हाई बोललास?"

बा मनला, "तुज्या शाळंची वाट त्याच्या दारावरून जात व्हती."

मग थोड्या वेळानं मनला, "आन् दुसरं. साहेब मनला असता, मूठ तूच केलीस ना? मंग हत्यार तूच दिलंस. मला तवा त्येच खरं वाटलं."

सोळा वर्षं आम्ही दोघं एका ताटात जेवलो. तो समजत होता की मला माहीत नाही. मी समजत होतो की त्याला भीती वाटली, एवढंच. तेरा वर्षांचं पोर म्हणून मी स्वतःला सोडून दिलं होतं आणि बाला मात्र मनातल्या मनात भित्रा ठरवून टाकलं होतं. हे आज लिहायला लाज वाटते. पण लिहितो.

पोरा, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे आहे. माझ्या बाला कामाला नाही म्हणता येत होतं. रोख मागता येत होतं. पण घरावर घाव घालणाऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. हातानं मिळवलेली मोकळीक तोंडापर्यंत पोचली नव्हती. मूठ कुणाची ते ओळखणारा माणूस साक्ष देऊ शकत नाही, तोवर कसब असून काय उपयोग? आणि कसब नसतं तर ओळख तरी कुठून आली असती? दोन्ही खरं आहे. ह्यातलं एक सोडून दुसरं धरता येत नाही.

आपल्याच परभणीत १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी धरला गेला. वडार समाजातला, कायदा शिकणारा. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. त्याची आई विजयाबाई गप्प बसली नाही. ती कोर्टात गेली आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवा म्हणून आदेश दिला. दगड फोडणाऱ्या समाजातल्या त्या माउलीनं जे केलं ते १९७८ साली माझ्या बाला जमलं नाही, मला जमलं नाही. ती बोलली हे बघायला बा असायला हवा होता.

तो कोयतावाला मेला. बाही गेला. बाच्या हातच्या मुठी गावात आता थोड्या राहिल्या असतील. बाजारात लोखंडी नळीची मूठ वेल्डिंग करून जोडलेली खुरपी मिळतात. उन्हात तापतात, हाताला फोड आणतात, पण स्वस्त पडतात.

मागच्या वर्षी गावाकडं गेलो होतो. रस्त्याच्या कडेच्या शेतात बायका निंदत होत्या. पाणी प्यायला थांबलो. एका पोरसवदा बाईनं खुरपं खाली ठेवून मला तांब्या दिला. बोटाला बोट लागलं, तिला त्याचं काही वाटलं नाही. खुरप्याचं पातं झिजून चंद्रकोर झालेलं. मूठ काळी पडलेली. अंगठ्याच्या जागी तीन खाचा. ती कोणत्या घरची, हे मी विचारून घेतलं. करंगळी तुटलेल्या माणसाच्या घरची, नातसून.

मी म्हणालो, "हे खुरपं कुठलं?"

"काय म्हाईत. सासूबाईचं हाय. बाजारातलं आसंल."

"बाजारातलं न्हाई. मूठ माझ्या बानं केली."

तिनं खुरपं उचललं, खाचांवरून अंगठा फिरवला.

"धरायला बरं हाय," ती मनली, आणि पुन्हा खाली वाकली.